'नेपोस' म्हणजे पुतण्या, भाचा की नातू?

बाराव्या शतकातल्या इंग्लंडवर एक लेख मराठीत आणते आहे. सॉल्झबरीचा बिशप रॉजर हा राजा पहिला हेन्री याचा उजवा हात. मूळ लॅटिनात त्याचे 'नेपोस' म्हटलेले दोघे पुढे बिशप झाले: अलेक्झांडर लिंकनला (1123), नायजेल ईलीला (1133). मी 'पुतणे' लिहिलंय. बरोबर आहे का?

— 'पुतणे' लिहू नका. पुतण्या म्हटलं की मुलगा रॉजरच्या भावाचा ठरला. भाचा म्हटलं की बहिणीचा. इंग्रजीत दोघेही 'नेफ्यू', तिला हा निर्णय करावाच लागत नाही, आपल्याला पहिल्याच शब्दाला करावा लागतो. अलेक्झांडरच्या आईचं नाव आडा होतं, एवढं मिळतं. पण ही आडा रॉजरची बहीण की भावजय? अलेक्झांडर आणि नायजेल सख्खे भाऊ होते की नाही, हेही ठरलेलं नाही. नसतील तर चुलत, मावस की आते-मामे, हा पुढचा पेच.

शिवाय लॅटिन 'नेपोस'चा जुना अर्थ नातू. संस्कृत 'नप्तृ' आणि त्यातून आलेला आपला 'नातू' ही त्याचीच सख्खी भावंडं. पुतण्या-भाच्याचा अर्थ मागाहून चिकटला. पोपांनी आपल्या 'नेपोतें'ना पदं वाटली, त्यावरून 'नेपोटिझम' आला. त्यांतले काही खरे मुलगेच होते.

— म्हणजे इथेही तशी शंका घ्यायची?

— या दोघांबद्दल नाही, पण रॉजरच्या घरात तशी जागा आहे. रॅम्सबरीची मटिल्डा त्याची सोबतीण, आणि त्या दोघांचा मुलगा रॉजर ल पोअर हा हेन्रीनंतरच्या राजा स्टीफनचा चान्सलर, म्हणजे दफ्तराचा प्रमुख. 1139 साली स्टीफनने बिशप रॉजरला पकडलं, तेव्हा नायजेल निसटून रॉजरच्याच डिव्हायझेसच्या किल्ल्यात शिरला. किल्ल्याचा मुख्य बुरूज मटिल्डाच्या ताब्यात होता. राजाने तिच्या मुलाला फाशी देण्याची धमकी दिली आणि तिने बुरूज सोडला. तिथे कुणाला 'नेपोस' म्हणून आडपडदा ठेवायची गरज उरली नव्हती. याच घराण्यातल्या, राजाचा खजिनदार असलेल्या आडेलेल्मचं मात्र वेगळं: तो 'नेपोस' म्हणवला गेला, पण काही अभ्यासक त्याला रॉजरचा मुलगाच मानतात. धर्मगुरूंच्या लग्नाला 1102 च्या वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने बंदी घातली होती, हे ध्यानात ठेवा.

नायजेलचा मुलगा रिचर्ड तर लंडनचा बिशप झाला, फिट्झनील म्हणून. 'फिट्झ' म्हणजे मुलगा, लॅटिन 'फिलियस'वरून आलेला. बापाचं नाव उघड नावातच.

— मग मी लिहू काय? 'नातेवाईक' फार सैल वाटतं.

— 'भावंडाचा मुलगा' लिहा. 'भावंड' शब्दात भाऊही बसतो, बहीणही. आडेलेल्मपाशी मात्र तोही चालणार नाही. तिथे 'नेपोस'च ठेवा आणि पुढे अर्धं वाक्य खर्च करा.