अदृश्य होण्यापेक्षा दुसरेच काही दिसणे अधिक धोक्याचे

अदृश्य करणारे कापड चोरांच्या हाती पडले तर काय, ही भीती मी समजू शकतो. पण असे पूर्ण आवरण अजून कोणाकडेच नाही. २००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे झाकले गेले ते तांब्याचे छोटे नळकांडे होते, आणि तेही डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापासून नव्हे, तर सूक्ष्मलहरींपासून (मायक्रोवेव्ह). सध्या चित्रफितींत दिसणारा उभ्या रेघांचा प्लास्टिकचा पत्रा हा हलवल्यावर देवाचे चित्र बदलणाऱ्या कार्डाच्याच जातीचा आहे: त्याच्या रेघा प्रकाश बाजूला वळवतात, त्यामुळे मागे थोड्या अंतरावर उभा असलेला माणूस नाहीसा होतो, पण पत्र्याला चिकटून उभा राहिला की लगेच दिसू लागतो.

मला खरी काळजी वाटते ती २०११ साली बीएई सिस्टिम्स या ब्रिटिश शस्त्रास्त्र कंपनीने दाखवलेल्या ‘अडॅप्टिव्ह’ या रणगाड्याच्या आवरणाची. रणगाड्यावरील षटकोनी पट्ट्या गरम-थंड करून त्याला उष्णतेच्या कॅमेऱ्यात आसपासच्या झाडीत मिसळता येते, किंवा चक्क मोटारीसारखे भासवता येते. युद्धात लपणे कायदेशीर आहे. मात्र नागरिक असल्याचा विश्वास निर्माण करून शत्रूला ठार करणे १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारानुसार निषिद्ध आहे, कारण त्यानंतर प्रत्येक खऱ्या मोटारीवर, तिच्यात मुलेबाळे असली तरी, संशयाने गोळी झाडली जाऊ शकते.

टोकियोचे संशोधक सुसुमु ताची यांनी मात्र अदृश्यतेच्या याच कल्पनेतून वैमानिकाला विमानाच्या तळातून धावपट्टी दिसावी, असा उपयोग सुचवला होता, आणि पैसा तिकडे वळावा असे मला मनापासून वाटते.