जुनी लक्झरी गाडी, पुण्यातला वापर: ३२०डी, सी२२०डी की ए४ पेट्रोल? इंजिन कोणतं निवडावं?

खंबाटकी४८
सेकंडहँड सेडान बघतोय. तीन पर्याय उरलेत, तिन्ही २०१६-१७ च्या, ६० ते ८० हजार किमी चाललेल्या: बीएमडब्ल्यू ३२०डी, मर्सिडीज सी२२०डी आणि ऑडी ए४ १.४ पेट्रोल. रोज हिंजवडीला जाणं-येणं, एका बाजूला ९ किमी, पण सिग्नल धरून ४० मिनिटं. महिन्यातून एकदा, कधी दोनदा कोल्हापूर. वर्षाला साधारण १२-१३ हजार किमी होतील. सीट, सनरूफ, बूट याबद्दल काही विचारायचं नाही. फक्त इंजिनाच्या अंगाने सांगा: कोणतं घ्यावं, बघायला जाताना काय तपासावं?

स्पॅनर_दहा
आधी गाडीच्या नावावर भरवसा ठेवणं सोडा. '२०१६ ची ३२०डी' म्हणजे दोन वेगळी इंजिनं असू शकतात. आपल्याकडे फेसलिफ्ट (त्याच पिढीची सुधारित आवृत्ती) २०१६ च्या सुरुवातीला आली आणि तिच्यासोबत बी४७ इंजिन आलं, १९० पीएस (ताकद), ४०० एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ). त्याआधीच्या गाडीत एन४७, १८४ पीएस, ३८० एनएम. डीलरकडे पडून राहिलेली जुनी गाडी २०१६ मध्ये पासिंग झाली तर आरसीवर नोंदणीचं वर्ष २०१६ आणि बॉनेटखाली एन४७. सीसीवरूनही कळत नाही, दोन्ही १९९५. म्हणून आरसीवरचा उत्पादनाचा महिना बघा आणि चासी नंबरचे शेवटचे सात आकडे-अक्षरं ऑनलाइन पार्ट कॅटलॉगमध्ये टाका, इंजिनाचा कोड समोर येतो.

फरक का पडतो? एन४७ ची टायमिंग चेन (वॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन ताणली किंवा तिचं प्लॅस्टिक गाइड झिजलं तर काम करायला गिअरबॉक्स किंवा सरळ इंजिनच उतरवावं लागतं. पार्ट स्वस्त, मजुरी महाग. सर्वांत बदनाम २००७ ते २०११ ची इंजिनं, नंतर सुधारणा झाल्या, पण ऑइल उशिरा बदललेल्या गाड्या पुढेही सापडतात. बी४७ ची चेनही मागेच आहे, मात्र तिची तक्रार बरीच कमी.

मर्सिडीजमध्ये काम सोपं, आरसीवरचा सीसी बघा. २१४३ असेल तर ओएम६५१, १७० पीएस. १९५० असेल तर ओएम६५४, १९४ पीएस, म्हणजे २०१८ च्या फेसलिफ्टनंतरची. तुमच्या वर्षांत ओएम६५१ च मिळेल. थंडीत सुरू केल्यावर ट्रॅक्टरची आठवण येते, तो बिघाड नाही, त्याचा गळाच तसा आहे. त्यात बघायचं ते ऑइल कूलरच्या सीलची गळती आणि चेन (हिचीही मागेच).

ए४ चा सीसी १३९५ हवा. या १.४ मध्ये चेन नाही, त्याच कामाचा कोरडा टायमिंग बेल्ट आहे. गिअरबॉक्स ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचचा सात गिअरवाला, त्याचं ऑइल साधारण ६० हजारला बदललेलं असावं. बिलात ती ओळ शोधा. या इंजिनाची ओळखीची दुखणी म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटची प्लॅस्टिक घरं. तिथे वाळलेल्या कूलंटचे रंगीत डाग दिसतात. जुन्या पिढीतली, १.८ लिटर १६० पीएसवाली ए४ स्वस्तात समोर आली तर मोहात पडू नका. तिचे पिस्टनचे ऑइल रिंग नाजूक, ऑइलचं परतीचं छिद्र बारीक. कार्बन बसला की ऑइल जळतं.

माझं मत: ४० मिनिटांत ९ किमी असेल तर पेट्रोल.

टर्बोपंत
स्पॅनरराव, इंजिन कोडबद्दल वाद नाही, पण शेवटच्या ओळीशी सहमत नाही. हिशोब मांडून बघू. वर्षाला १२,५०० किमी. पेट्रोल ११ चं ॲव्हरेज दिलं तर ११३६ लिटर, डिझेल १५ ने ८३३ लिटर. १०५ आणि ९१ रुपये दर धरला तर १.१९ लाख आणि ७६ हजार. म्हणजे वर्षाला ४३ हजारांचा फरक. शिवाय कोल्हापूरला जाऊन येणं ४६० किमीच्या आसपास. खंबाटकी घाटाच्या चढावर भरल्या गाडीत ४०० एनएम आणि २५० एनएम यातला फरक पाचव्या मिनिटाला कळतो.

डीपीएफची (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) भीतीही गाडी बघून बाळगा. बीएस४ काळातल्या डिझेलमध्ये तो आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. चासी नंबरवरून कॅटलॉगमध्ये बघता येतं. असला तरी महिन्यातून एकदा हायवेवर २०-२५ मिनिटं सलग, ७०-८० च्या वेगाने, गिअर एक-दोन खाली ठेवून चालवली की साठलेल्या काजळीचं जळण होऊन जातं. तुमची कोल्हापूर वारी तेच करते.

स्पॅनर_दहा
पंत, हिशोब बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. जळण अर्धवट तुटण्याचा धोका महिन्याच्या त्या एका दिवशी नसतो, उरलेल्या २९ दिवसांत असतो. काजळी ठरावीक पातळीला पोचली की संगणक स्वतःहून जास्तीचं डिझेल टाकून फिल्टर तापवायला घेतो, आणि तेवढ्यात तुम्ही कंपनीच्या पार्किंगमध्ये चावी काढता. असं चार-पाचदा झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी *वाढलेली* दिसली तर खूश होऊ नका. डिपस्टिकला डिझेलचा वास येतो का बघा. पातळ झालेल्या ऑइलवर चेन, टर्बोची बेअरिंग सगळं झिजतं. एक डीपीएफ किंवा चार इंजेक्टर, आणि वर्षाला ४३ हजार अशी तुमची दोन वर्षांची बचत संपली.

ईजीआर कूलरही (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) लक्षात ठेवा. एन४७ आणि बी४७ दोन्हींत त्याची गळती झालेली आहे आणि त्यावर बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये अनेक देशांत गाड्या परत बोलावल्या. आतून फुटला की कूलंट काजळीत मिसळून धुमसतो, वितळतो तो प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग). कूलंट कमी होतोय पण जमिनीवर थेंब नाही, तर संशय तिथेच. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन काही रिकॉल बाकी आहे का हे विचारा, ते सांगतात.

ऑइलकॅप
दोघांचं भांडण छान चाललंय, पण खंबाटकीभाऊंनी 'बघायला जाताना काय तपासावं' असंही विचारलंय. इंजिन कोणतंही असो, मी या क्रमाने बघतो:

मालकाला आदल्या दिवशी सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून, फक्त इग्निशन चालू करून कूलंटचं तापमान वाचा. बाहेर २८ अंश असताना कूलंट ५५ दाखवत असेल तर कोणीतरी गाडी तापवून ठेवलीय. का, हे विचारत बसू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

त्याच रीडरवर 'बिघाडाचे कोड पुसल्यापासून किती किमी' हा आकडा असतो. तो १०-१५ किमी आला, म्हणजे इंजिनाचा इशारा-दिवा नुकताच घालवलाय.

सुरू करताना आत बसू नका, बाहेर उभे राहा. एन४७ असेल तर केबिनच्या बाजूने, पुढच्या उजव्या-डाव्या चाकाच्या कमानीतून ऐका. १५०० ते २००० आरपीएममध्ये साखळी घासल्यासारखा तालबद्ध आवाज आला तर व्यवहार तिथेच थांबवा. मग इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि डिझेल असेल तर चारही इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे, म्हणजे संगणक प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते, वाचा (ब्रँडचं योग्य ॲप किंवा वर्कशॉपचं मशीन लागेल). तीन सारखे आणि एक वेगळा, तर तो इंजेक्टर जाणार.

ऑइलची बिलं मागा. स्टॅम्प मारलेली पुस्तिका नको, बिलं. बीएमडब्ल्यूचा संगणक २०-२५ हजारांपर्यंत ऑइल खेचायला सांगतो. पुण्याच्या रहदारीत १० हजार किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते. एन४७ ला बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ मानकाचं ५डब्ल्यू-३० ऑइल, ५.२ लिटर लागतं. ओएम६५१ ला मर्सिडीजच्या एमबी २२९.५१ किंवा .५२ मानकाचं, सुमारे ६.५ लिटर. 'चांगलं सिंथेटिक टाकलंय' म्हणून विषय संपत नाही, डब्यावरचा हा क्रमांक बघा. ३२०डी च्या आठ गिअरवाल्या झेडएफ गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' असं बीएमडब्ल्यू सांगते. ते बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १.२ लाखांत बदला म्हणते. फिल्टर प्लॅस्टिकच्या ऑइल पॅनमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे अख्खा पॅन बदलावा लागतो. ७०-८० हजारांची गाडी घेत असाल तर हा खर्च तुमच्याच वाट्याला येणार, किमतीतून वजा करा.

पेट्रोलवाल्यांसाठी: टाकीच्या झाकणाआतला स्टिकर वाचा. ई१० (१० टक्के इथेनॉल) लिहिलं असेल तर ती गाडी आजच्या ई२० (२० टक्के इथेनॉल) पेट्रोलसाठी बनवलेली नाही. लगेच काही फुटत नाही, पण ॲव्हरेज उतरतं आणि जुने रबरी पाइप-सील तपासत राहावे लागतात. पंतांच्या हिशोबात ११ ऐवजी १०.५ धरा.

आणि दिल्ली पासिंगची ३२०डी इथल्यापेक्षा तीन लाख कमी दिसली तर एनओसी (फॉर्म २८), महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवीन नंबर धरून बेरीज करा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली होती, म्हणून त्या इकडे येऊ लागल्या. स्वस्ताई बरीचशी आरटीओतच विरते.

खंबाटकी४८
खूप कामाचं. ३२०डी चा चासी नंबर आत्ताच टाकून पाहिला, एन४७ निघाली! आरसीवर नोंदणी मार्च २०१६, उत्पादन ऑक्टोबर २०१५. मालक 'फेसलिफ्ट आहे' म्हणतोय. ती यादीतून गेली. आता उरली सी२२०डी, ७२ हजार, आणि ए४, ६१ हजार. ए४ च्या बिलात गिअरबॉक्स ऑइलची ओळ नाही.

स्पॅनर_दहा
ए४ बघाच. थंड गाडी रिव्हर्सला टाकून पाय ब्रेकवरून हळू उचला, धक्का किंवा कंप यायला नको. मग गरम झाल्यावर उतारावरच्या रहदारीत पहिल्या-दुसऱ्यात सरपटवा. गचके तिथे कळतात. ते नीट निघालं तर ऑइल आणि फिल्टरचा खर्च किमतीतून कापून घ्या. बेल्टवर तडे, तेलाचे डाग आहेत का हे वरचं झाकण काढून बघता येतं, पाच मिनिटांचं काम.

टर्बोपंत
आणि सी२२०डी मालकाला विचारा, गाडी रोज कुठे जायची. उत्तर 'नाशिक-मुंबई' आलं तर मला फोटो पाठवा. 'मुलांची शाळा' आलं तर स्पॅनररावांचं ऐका.