गुडघा आईचा, मग ऑपरेशनचं तिला कुणी विचारायचं की नाही?

माणदेशी_लेक: आई ६७ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेत. मागच्या महिन्यात एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं, डॉक्टरांनी एक्सरे लाइटवर धरला आणि म्हणाले चौथी ग्रेड आहे, म्हणजे सगळ्यात जास्त झीज, दोन्ही बदलू, पुढच्या गुरुवारची तारीख देतो. रात्री झोप लागते का, जिना चढता येतो का, काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर आई मला हळूच म्हणते, "मला मांडी घालून पूजेला बसता येईल का गं?" हा प्रश्न आत का नाही विचारता आला तिला? अहो अपेंडिक्स आहे का हे, उद्या फुटेल म्हणून! एक्सरेत खूप झीज असून चालणारी माणसं असतात आणि थोडी झीज असून रडणारी पण. व्यायाम, वजन, गोळ्या, इंजेक्शन, ऑपरेशन, सगळं समोर मांडा, फायदे तोटे सांगा आणि घरी जाऊन विचार करू द्या, एवढंच म्हणणं आहे.

ओपीडीवाला: ताई, राग समजतो पण मी सरकारी दवाखान्यात हाडांचा डॉक्टर आहे, सकाळी दारात शंभरएक पेशंट असतात. आणि पर्याय सांगितले की निम्मे म्हणतात "डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा." जास्त समजावलं तर ह्याला काही कळत नाही म्हणून दुसरीकडे जातात. निर्णयाचं ओझं पेशंटवर टाकणं म्हणजे जबाबदारी झटकणं, मला पटत नाही.

आखडलेली_बोटं: मी पण डॉक्टरांच्या बाजूने. मला आमवात आहे, झिजेचा नाही, सूजेचा. मेथोट्रेक्सेट नावाची आमवाताची गोळी दिली होती, आठवड्यातून एकदाच घ्यायची, मी व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी वाचलं आणि आठ महिने बंद ठेवली. बोटं वाकडी झाली ती झालीच. ह्या आजारात उशीर परवडत नाही हो.

माणदेशी_लेक: पण गोळी कशासाठी आहे हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं होतं का?

आखडलेली_बोटं: नाही, ते खरंय. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं की मूल हवंय का, कारण ही गोळी चालू असताना दिवस राहिलेले चालत नाहीत. मग आम्ही दोघींनी मिळून औषध बदललं. पहिल्याच दिवशी कुणी असं बोललं असतं तर मी गोळी सोडलीच नसती.

हिशेबी_काका: सगळे छान बोलताय, पैशाचं कुणी बोलत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर मर्यादा आणली, साधा कोबाल्ट क्रोमियम धातूचा ५४,७२० वर आला, जीएसटी वेगळा, तरी रूम आणि सर्जनची फी धरून बिल मोठंच. आमची आई पाच वर्षं म्हणाली "फार नाही दुखत", मुलाचा खर्च वाचवायला. रात्री कण्हायची. तिच्यावर सोडलं असतं तर अजून कण्हत असती. मी जबरदस्तीनं ऑपरेशन केलं, आज ती बाजारात चालत जाते.

माणदेशी_लेक: काका, तिला एकटीला खोलीत बसवून विचारलं असतं तर ती खरं बोलली असती असं मला वाटतं. आणि मर्जीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने २००८ ला समीरा कोहली केसमध्ये सांगितलंय, संमती घेताना दुसरे पर्याय आणि मोठे धोके पेशंटला सांगायलाच पाहिजेत. नुसती फॉर्मवर सही म्हणजे संमती नाही.

हिशेबी_काका: माझ्या आईने पोरासमोर कधीच खरं सांगितलं नसतं. एकटीला विचारायचं मला सुचलं नाही, हे मात्र कबूल.

ओपीडीवाला: वेळेचं माझं म्हणणं कायम आहे. पण ताई, आईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो. गुडघा बदलल्यावर मांडी घालून जमिनीवर बसू नका असंच आम्ही बहुतेकांना सांगतो, पूजा खुर्चीवर बसून करावी लागेल. चालणं चांगलं होतं, तरी साधारण पाचातला एक पेशंट पूर्ण समाधानी नसतो. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओकडून शिकून तीन महिने नेमाने केले नसतील तर आधी ते करून बघा. आणि पुढच्या वेळी आत आईंनाच बोलू द्या, तुम्ही मागे बसा.