खिशातली बॅटरी कोणती बाळगता? (निमित्त: माळ्यावर सापडलेली तीन सेलवाली)

जांभाचिरा
गणपतीच्या साफसफाईला माळ्यावर चढलो तर कणगीमागे आजोबांची पितळी बॅटरी सापडली. तीन सेलची, हातात घेतली की मुसळासारखी जड. मागचं झाकण सुटता सुटेना. सुटलं तेव्हा आत पांढरी-हिरवी भुकटी आणि एक फुगलेला सेल.

आजोबा सुपारी-नारळ घेऊन खाडीपलीकडे जायचे. पूल नव्हता, होडीची तर होती. रात्री परत यायचं झालं की पलीकडच्या धक्क्यावरून तीनदा बॅटरी मारायची, मग अलीकडून तरीवाला होडी सोडायचा. दोनदा मारली तर समजायचं, आज मुक्काम तिकडेच. आजी पडवीतून बघत असायची. दोनदा दिसली की ती चूल विझवून झोपायची.

असो. मुद्दा कामाचा. मी पंप-मोटारींची कामं करतो, गुहागर तालुक्यात. स्टार्टरच्या पेटीत डोकं, पंपघरात डोकं, बावडीत डोकं. आजवर मोबाईलच्या उजेडावर भागवलं. मे महिन्यात मोबाईल बावडीत गेला, त्यात अर्ध्या गिऱ्हाइकांचे नंबर. आता शर्टाच्या खिशात राहील अशी छोटी बॅटरी घ्यायची आहे, हजाराच्या आत. ऑनलाईन बघायला गेलो तर कुठे एक लाख ल्युमेन, कुठे तीन किलोमीटर. डोकं फिरलं. तुम्ही कामाला काय वापरता आणि का, तेवढं सांगा. आठवणी असतील तर त्याही चालतील, सुरुवात मीच केली आहे.

काजूबी
माझा मोबाईल बावडीत नाही, न्हाणीतल्या बादलीत. लाईट चालू होता. काय सुंदर उजळली होती बादली!

खांबावरचा
लाईनवर काम करतो. पहिली अट म्हणजे दातात धरता आली पाहिजे. हसू नका. शिडीवर एक हात शिडीला, एक पान्ह्याला, मग बॅटरी कुठे? दातातच. म्हणून बारीक आणि हलकी हवी. आणि शक्यतो प्लास्टिकची, नाहीतर वरून रबर असलेली. सप्लाय बंद आणि अर्थिंग केल्याशिवाय आम्ही हात लावत नाही, तरी उघड्या पेटीत धातूची नळी सुटून पडणं बरं नाही. तुलाही तेच लागू, स्टार्टरच्या पेटीत.

दुसरं, सेल गावच्या दुकानात मिळणारा हवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, मी तेव्हा मंडणगडकडे होतो. खांब आडवे, झाडं आडवी, आमच्या मुक्कामाच्या गावात तीन आठवडे लाईट नाही. माझ्याकडे भारीतली चार्जिंगची बॅटरी होती. चार्ज कुठे करणार? लाईट आणायला गेलेला माणूस अंधारात. शेवटी वाण्याकडच्या पेन्सिल सेलवर चालणारी साधी बॅटरी कामाला आली.

तिसरं, वायरचे रंग. स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात लाल आणि चॉकलेटी एकच दिसतात, काळी-निळी पण. एकदा फसलोय. सविस्तर नंतर, जेवायला बोलावतायत.

मु.पो. सडा
वाचतोय.

व्हाळातली कुर्ली
तुमची ल्युमेना ऱ्हवांदेत बाजूक. मिरगाचो पयलो पाऊस लागलो काय आमचो आजो चूड पेटवून व्हाळात. सुक्या चुडतांची बांधलेली चूड, हलयली काय फुलता, तशीच धरून ऱ्हवलास काय मंदावता. तुमच्या त्या मोडांचो बापूस! उजेड तोंडार पडलो काय कुर्ली थयच थांबता, मगे पाठसून धरूची. आता आमी हेडलॅम्प घेवन जातो, पण पांढऱ्या उजेडात पाण्याचो तळ दिसणा नाय, नुसती चकाकी. पिवळो उजेड बरो पडता. आणि रात्री बारा वाजता घराक येवन त्या कुर्ल्यांचा सार... आता भूक लागली.

फणसपोळी
कुर्ल्यांच्या सारात तिरफळं घालतात का हो? सासूबाई घालत नाहीत, जाऊबाई घालतात. घरात दोन पक्ष आहेत.

व्हाळातली कुर्ली
तिरफळा बांगड्याक! कुर्ल्यांक घातलास तर आमची आजी तीन सेलची बॅटरी घेवनच मारतली.

दिवाभीत
आयडीला जागून लिहितो, लांबेल.

जांभाचिरादादा, ल्युमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. तो किती लांब पोचतो ते वेगळं, ते आरशाच्या वाटीवर अवलंबून. त्याच वाटीत उजेड दुप्पट लांब न्यायचा तर चौपट ल्युमेन लागतात. चांगल्या कंपन्या खोक्यावर जे मीटर छापतात ते पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो तिथपर्यंतचे. म्हणजे '२०० मीटर' लिहिलंय तिथे उभा माणूस आहे की माड, एवढंच कळेल. चालण्याचे तास उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात. आणि बोटाएवढी बॅटरी हजार ल्युमेन देते ती मिनिट-दोन मिनिटं. मग तापते आणि आपोआप उतरते. एक लाख ल्युमेनवर बोलत नाही.

पेटीत डोकं घालायला ५० ते १०० ल्युमेन पुष्कळ. उलट सर्वात मंद उजेड किती मंद आहे ते बघ, चकचकीत पत्र्यावर हातभरावरून ३०० ल्युमेन मारले तर आपल्याच डोळ्यांपुढे काजवे.

सेलचं म्हणशील तर खांबावरचा यांना अनुमोदन, पेन्सिल सेलवाली घे. घरी रिचार्जेबल पेन्सिल सेल वापर (१.२ व्होल्टचे, साधारण २००० एमएएच, म्हणजे सेलची साठवण), अडलं तर वाण्याकडचे साधे. मोठा लिथियम सेल, १८६५० म्हणतात तो, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, ताकदीला जास्त, पण तालुक्यालाही मिळेलच असं नाही. आणि त्यावर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर हात जोडून परत दे. नामांकित कंपनीचासुद्धा ३५०० च्या आसपास असतो.

वायरच्या रंगांसाठी खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघ, ९० च्या वर असेल तर लाल ते लालच दिसेल.

काजूबी
सर, पेपर कधी आहे?

दिवाभीत
'हलकेच घ्या' या अर्थी दिवा घ्या म्हणणार होतो, पण या धाग्यावर लोक खरंच घ्यायला बसलेत.

वाशिष्ठीकाठ
एक अनुभव. लुकलुकणाऱ्या मोडला सगळे शिव्या देतात, मीही द्यायचे. २२ जुलै २०२१, चिपळूण. खालचा मजला पाण्यात, आम्ही वर सात जण आणि शेजारचं कुत्रं. दिवसभरात मोबाईल मेले. रात्री मुलाची खेळण्यातल्यासारखी छोटी बॅटरी खिडकीच्या गजाला बांधून लुकलुकत ठेवली. बोटवाल्यांनी नंतर सांगितलं, त्यावरूनच कळलं वर माणसं आहेत. अजून ती बॅटरी आहे. टाकवत नाही.

फणसपोळी
बापरे. वाचून काटा आला. कुत्रं वाचलं ना?

वाशिष्ठीकाठ
हो, आता आमच्याकडेच असतं.

उपकेंद्रातली
सिस्टर आहे, नावगाव नको. आमची बॅटरी म्हणजे पेनटॉर्च. खिशाला क्लिप, बारीक पेन्सिल सेल दोन. घसा बघायला, डोळ्याची बाहुली आकसते का बघायला. तिथे झगझगीत उजेड मुळीच नको, पेशंट डोळेच मिटतो. एकदा मुलाने वाढदिवसाला भारीतली आणून दिली, ताप आलेल्या आजोबांच्या डोळ्यांवर मारली तर म्हणाले, बाई, मेलो नाही मी अजून, वरचा उजेड कशाला दाखवतेस?

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, नवीन बाळाला कावीळ आहे का ते बॅटरीच्या उजेडात ठरवू नका. पिवळ्या उजेडात सगळीच बाळं पिवळी, निळसर उजेडात खरी पिवळीही गोरी दिसतात. सकाळी दारात, दिवसाच्या उजेडात बघा आणि शंका आली तर घेऊन या. रात्री पाखाडी उतरायला वेगळी बॅटरी असते माझ्याकडे. सड्यावर फुरसं पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, अगदी मातीच्या रंगाचं. उजेड लांब नको, पुढच्या चार पावलांवर पसरट हवा.

मु.पो. सडा
सिस्टर, फुरशाबद्दल सहमत. आणि विंचवासाठी जांभळी बॅटरी घ्या, अतिनील किरणांची, ३९५ नाहीतर ३६५ नॅनोमीटर लिहिलेली असते. गडग्यावर मारली की विंचू हिरवट चमकतो, रेडियमच्या घड्याळासारखा. पहिल्यांदा मारली त्या रात्री घरामागे अकरा मोजले आणि वाटलं नसती मारली तर बरं झालं असतं. माझ्या लहानपणी लाल विंचू चावला की मांत्रिक आणि पाठोपाठ रडारड, हेच ठरलेलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिला आणि कोकणातली किती पोरं वाचली. हात दाखवायला तिकडे गेलो नाही, पण त्यांचं नाव आमच्याकडे देवाच्या जोडीने घेतात.
अवांतर: त्या जांभळ्या उजेडात डोळे रोखून बघू नका.

गँगमनची लेक
बाबा कोकण रेल्वेत ट्रॅकवर होते. पावसाळ्यात रात्रीची गस्त. तीन रंगांची बॅटरी, पांढरा चालायला, हिरवा-लाल गाडीला दाखवायला. शिवाय धोका असेल तर रुळाला लावायचे फटाके. दरडीची माती घसरलेली दिसली की गाडी थांबवायची, आणि समोरून येणारा गस्तवाला भेटला की वही बदलून मागे फिरायचं. आमचं घर कटिंगच्या वरच्या अंगाला. आई मला रात्री उठवून दाखवायची, तो बघ खाली हलणारा ठिपका, तुझा बाबा. पाऊस एवढा असायचा की ठिपका मधेच पुसला जायचा. आईचा जप चालू. पुन्हा दिसला की म्हणायची, झोप आता.
बॅटरी कोणती घ्यावी ते मला खरंच माहीत नाही.

काजूबी
माझ्याही घरी असंच एक... नंतर लिहिते. कुकर झाला.

लाटेची रेघ
वेळासला कासवांच्या वेळी गेलात तर कृपया बॅटरी खिशातच ठेवा. पिल्लं उजेडाकडे वळतात, समुद्र सोडून तुमच्या पायाशी येतात. कार्यकर्ते लागलाच तर लाल उजेड वापरतात. मागच्या वेळी एकाने 'नुसता एक फोटो' म्हणून फ्लॅश मारला. बोलले मी त्याला.

चाकरमानी ३०१
कोकणकन्येचं गणपतीचं तिकीट कोणाचं रद्द होतंय का? दोन हवीत. बॅटरी मीच देतो वर.

दिवाभीत
धागा भरकटला. तिकीट मलाही हवंय पण.

खांबावरचा
जेवून आलो. राहिलेलं सांगतो. खारा वारा. आमच्याकडे स्प्रिंग दोन पावसाळ्यांत गंजते. महिन्याला आतलं पुसून घ्यायचं, आट्यांना आणि रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस बोटभर. बॅटरी वापरात नसली की सेल बाहेर. खिशात चुकून चालू होत असेल तर मागचं झाकण पाव आटा सैल करायचं, सर्किट तुटतं. पाण्यासाठी आयपीएक्स ७ बघ, मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. बावडीत पडली तर मात्र अर्ध्या तासात काढायला माणूस कोण उतरणार ते आधी ठरव.

आणि बोअरला बॅटरी लावूच नको. भर दुपारी आरसा धर, ऊन आत सोड. केसिंग कुठे फाटलंय ते जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्याच बॅटरीत दिसत नाही.

जांभाचिरा
आरशाचं माहीत होतं, पण तुम्ही लिहिल्यावर बरं वाटलं. आमच्या वस्तादांनी शिकवलेलं.

सगळ्यांचे आभार. एका पेन्सिल सेलची घेतली, क्लिपवाली, पहिल्या दाबाला मंद उजेड. रबर नव्हतं म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला. दातात बसते. वायरचे रंगही बरे दिसतात. फक्त चौथ्या दिवशी आईने गोठ्यात नेली, परत द्यायला तयार नाही, म्हणते ही माझ्या मापाची आहे.

पितळी बॅटरीतली भुकटी लिंबाने काढायला निघालो होतो. दिवाभीतांनी विपूत (माझ्या विचारपूस पानावर) सांगितलं, लिंबू अल्कलाईन सेलच्या गळतीला, हे जुने झिंकचे सेल, त्यांची गळती आधीच आंबट, खायचा सोडा लाव. लावला. वरून आमसुलाने घासली, लख्ख झाली. मोठे सेल बाजारात मिळाले, बल्ब शाबूत निघाला. संध्याकाळी खळ्यातून सहज पडवीच्या भिंतीवर मारून बघितली. आजी तिथेच बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. म्हणाली, किती वेळा मारलीस?
मी अजून एकदा, दोनदा मारली. तीन झाल्या.
ती उठून आत गेली, भात टाकायला.

वाशिष्ठीकाठ
...

उपकेंद्रातली
दादा, ती क्लिप सुटी मिळते का कुठे? माझ्या पेनटॉर्चची तुटली आहे, सध्या केसांची पिन लावून चालवतेय.