मदत हवी आहे : ३० आठवड्यांच्या बाळाचं अल्ब्युमिन १.९, अल्ब्युमिनची बाटली शिरेतून लावायचा आग्रह धरावा का?

नमस्कार मंडळी. ताई तिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली, कोल्हापुरातच. भाची १२५० ग्रॅमची, पेटीत आहे. श्वासाची मशीन निघाली, नळीनं आईचं दूध चालू आहे. काल रिपोर्टात अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) १.९ आलं, शेजारी ३.५ ते ५ छापलेलं. तेव्हापासून घरात नुसता कालवा. पायांवर जराशी सूजही आहे.

डॉक्टर म्हणतात, एवढ्यासाठी अल्ब्युमिनची बाटली नको, दूध वाढवू. दाजींचे काका म्हणतात, गडहिंग्लजला त्यांच्या नातवाला लावली होती, पैशाकडं बघू नका. आईचं तिसरंच : रोज डबाभर पांढरा रस्सा पाठवते, बाळंतिणीनं प्याला की दुधात प्रोटीन उतरतं म्हणे. डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद : नवजात अतिदक्षता विभागात नर्स होते, म्हणून लिहिते. ३.५ ते ५ हा मोठ्या माणसाचा आकडा. अल्ब्युमिन लिव्हर बनवतं आणि तुमच्या भाचीचं अजून कच्चं आहे. या वयात २ च्या आसपास नेहमीच दिसतं. बाटलीतलं अल्ब्युमिन दात्यांच्या रक्तातून काढलेलं असतं. त्यानं आकडा चढेल, पण बाळाचं भलं होतं याला पुरावा नाही. २००४ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासतात) दोनच छोटे अभ्यास सापडले, त्यावरून काहीच ठरवता आलं नाही. शिवाय अल्ब्युमिन पाणी रक्तात ओढतं, नाजूक फुप्फुसांवर ताण येऊ शकतो.

खरा प्रश्न पोटात किती प्रोटीन जातंय हा. अशा बाळाला दिवसाला किलोमागे साधारण ३.५ ते ४ ग्रॅम लागतं. आईच्या १०० मिली दुधात दीड ग्रॅमच्या आतबाहेरच असतं, म्हणून दुधात फोर्टिफायरची, म्हणजे प्रोटीन वाढवणारी, पुडी मिसळतात. ती कधी सुरू होणार ते विचारा. वजन रोज किलोमागे १५ ग्रॅमच्या पुढं वाढतंय का, तेही. सूज मात्र सोडू नका : सलाईन जास्त झालं, जंतुसंसर्ग आहे की लघवीतून प्रोटीन जातंय, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या.

रस्सा ताईंना खुशाल द्या, अंगात ताकद येईल. दुधातलं प्रोटीन त्यानं फारसं बदलत नाही.

धागाकर्ता : लई आभार. दूध किलोमागे १०० मिलीवर गेलं की पुडी सुरू करणार, असं सिस्टर म्हणाल्या. लघवी उद्या तपासायला देणार. आकडा मोठ्या माणसांचा आहे हे काकांना सांगितलं, तर म्हणतात, “मग छापतात कशाला?”