रेमोच्या पहिल्या कॅसेटी 'डब्यातल्या' वाटतात म्हणे!

जुनी_कॅसेट:
परवा गाण्यांच्या गप्पांत पक्या_पुणे यांनी लिहिलं की "रेमो फर्नांडिस या गोव्याच्या गायकाचे ८४ ते ८७ चे अल्बम शोधून शोधून ऐकले, लोक उगाच डोक्यावर घेतात, डब्यात बसून रेकॉर्ड केल्यासारखा आवाज आणि ड्रम म्हणजे बिस्किटाचा पुडा. खरा रेमो 'बॉम्बे' सिनेमातल्या हम्मा हम्माचाच." तिथेच दोन ओळी लिहिणार होतो पण दोनाच्या वीस झाल्या, म्हणून हा वेगळा धागा.

डब्यात नाही हो, घरात. शिवोलीतल्या स्वतःच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर, गाणी स्वतः लिहिली, गिटार बासरी सगळं स्वतः वाजवलं, गायला स्वतः, कव्हरसुद्धा स्वतःच काढलं (मुंबईच्या जेजे कॉलेजात आर्किटेक्चर शिकलेला माणूस, हात चांगला होताच). मुंबईच्या कंपन्यांना भारतातल्या माणसाने लिहिलेली इंग्रजी गाणी नको होती, मग 'गोअन क्रेझी' च्या कॅसेटी स्कूटरवर टाकून हा गडी दुकानादुकानात फिरला. साल १९८४. तेव्हा आपल्याकडे पॉप म्हणजे काय, तर पाकिस्तानी गायिका नाझिया हसन, आणि तिच्या मागे लंडनचा संगीतकार बिड्डू उभा होता. रेमोच्या मागे कोण? शिवोलीची नदी.

आम्ही सावंतवाडीचे. माझा मामा दर महिन्याला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचा, मिरच्या घेऊन यायचा. ८५ च्या मे महिन्यात मिरच्यांच्या पिशवीत ही कॅसेट आली. मामाला इंग्रजी येत नव्हतं, दुकानदाराने "आपल्याच पोरान केलाहा" म्हणून गळ्यात मारली. सात-आठ महिने ती कॅसेट मिरच्यांचा वास घेऊन आमच्याकडे वाजत होती. मी तेव्हा आठवीत. शब्द निम्मे कळायचे नाहीत पण हा माणूस आपल्या शेजारच्या गावाबद्दल गातोय एवढं कळायचं. आणि इंग्रजी गाणं आपल्या शेजारच्या गावाबद्दल असू शकतं हेच मला तोपर्यंत माहीत नव्हतं. हम्मा हम्मात ते कुठे आहे दाखवा.

पक्या_पुणे:
माझ्या नावाने धागा निघाला, आई ऐकून खूश झाली. धन्यवाद.
पण काका, तुमच्या पोस्टमध्ये स्कूटर आहे, मिरच्या आहेत, मामा आहे, फक्त गाणं कुठाय? स्कूटरवरून विकली म्हणून कॅसेट चांगली? आमच्या सोसायटीत एक गृहस्थ स्कूटरवरून चकल्या विकतात, घरी केलेल्या, स्वतः तळलेल्या. वातड असतात. मी २७ वर्षांचा आहे, मला तुमचं ८५ सालचं बालपण ऐकू येत नाही, मला हेडफोनमध्ये जे येतं तेच ऐकू येतं, आणि जे येतं ते पातळ आहे, सपाट आहे, मागे सतत भजी तळल्यासारखी खरखर आहे.

जुनी_कॅसेट:
काका कोणाला म्हणतोस रे?

पक्या_पुणे:
८५ ला आठवीत म्हणजे आज पन्नाशी उलटली ना? मग आजोबा म्हणू का?

फेडर_खाली:
मी २० वर्षं साउंड करतो म्हणून बोलतो. पक्या, भजी का तळली जातात ते समजून घे. चार ट्रॅक म्हणजे चारच (ट्रॅक म्हणजे टेपवरची एकेक वेगळी पट्टी). गिटार, बास, ड्रम असे तीन भरले की ते तिन्ही चौथ्यावर एकत्र उतरवायचे, मग पहिले तीन पुसून त्यावर आवाज, बासरी वगैरे घ्यायचं. एकदा उतरवलं की परत मागे जाता येत नाही, ड्रम मोठे झाले असतील तर झाले, बसा बोंबलत. आणि प्रत्येक वेळी उतरवताना टेपची खरखर आधीच्या खरखरीवर चढते. तरी या माणसाने त्यातून कोरस उभे केलेत. आज दीडशे ट्रॅक घेऊन पोरं येतात आणि एक बासरी नीट बसवता येत नाही. अमेरिकन गायक स्प्रिंगस्टीनने १९८२ मध्ये असल्याच घरच्या मशीनवर 'नेब्रास्का' अल्बम केला, त्याला जग मास्टरपीस म्हणतं, रेमोने केलं की डबा?
दुसरं, तू ऐकलंस कुठून? कोणी चाळीस वर्षं कपाटात पडलेली कॅसेट घाणेरड्या हेडच्या डेकवर लावून चढवली असेल तर तो रेमोचा आवाज नव्हे, बुरशीचा आवाज. आणि आजकाल सगळे जे दाबून दाबून मोठं करतात त्यावर तर मी वेगळा धागा काढणार आहे, परवा एका लग्नात डीजेने

फेडर_खाली:
अर्धवट गेलं. असो, डीजेचं नंतर.

रंकाळा_काठ:
हम्मा हम्माला काही बोलायचं नाही सांगून ठेवते. ९५ ला आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला त्यावर नाच बसवला होता आणि प्राचार्यांनी आदल्या दिवशी बंद पाडला, का तर गाणं 'तसलं' आहे. तीन आठवडे प्रॅक्टिस केलेली. अजून राग आहे. पण एक प्रामाणिकपणे सांगते, तेव्हा आम्ही रहमान रहमान करायचो, तो घोगरा आवाज कोणाचा हे विचारलंसुद्धा नव्हतं. ९८ ला 'प्यार तो होना ही था' आलं तेव्हा आवाज ओळखला. त्याच्या आधी दहा-बारा वर्षं हा माणूस अल्बम काढत होता हे मला या धाग्यावर कळतंय, म्हणजे बघा.

जुनी_कॅसेट:
हेच म्हणतोय मी ताई. सिनेमात तो दुसऱ्याच्या गाण्यातला मसाला आहे. ८५ चा 'त्रिकाल', ८७ चा 'जलवा', तेव्हाही लोकांनी पडद्यावर पाहिलं आणि विसरले. कॅसेटीत आख्खा माणूस आहे.

मायमराठी_७१:
सगळं वाचलं. एक साधा प्रश्न कोणालाच पडला नाही याचं आश्चर्य वाटतं. गोव्याचा म्हणायचं आणि गायचं इंग्रजीत. साहेबांच्या भाषेत आपल्या मातीचं कौतुक! गोव्यात मराठीची शेकडो वर्षांची परंपरा, भजनं, नाटकं, दीनानाथ मंगेशकर तिथले, त्यातलं या गायकात काय आहे? याला आपला म्हणायची काय गरज?

गोंयचो_उंडो:
आला. मी वाटच पाहत होतो, एवढा वेळ कसा लागला?
साहेब, आमच्याकडे साहेब पोर्तुगीज होता. इंग्रजी आम्ही आपल्या हौसेने घेतली. आणि ८५ चा 'ओल्ड गोअन गोल्ड' ऐका आधी, जुनी गोव्याची गाणी आहेत त्यात, आमच्या आज्या-पणज्या लग्नात म्हणायच्या तसली. इंग्रजीत गाऊन हा माणूस गोव्याबाहेर गेला, नाहीतर कोकणी गायिका लोर्नासारखं झालं असतं. लोर्ना आणि संगीतकार ख्रिस पेरी यांचं नाव तुमच्या कोणाच्या कानावर आहे का? सत्तरच्या दशकात मुंबईत बसून त्यांनी कोकणीत जे केलंय ते ऐकून मग मातीचं बोला.

मायमराठी_७१:
कोकणी ही मराठीचीच बोली आहे हे मान्य केलंत तर भांडणच उरत नाही.

गोंयचो_उंडो:
झालें. घाला आग.
तुम्ही बोली म्हणा, साहित्य अकादमीने १९७५ लाच वेगळी भाषा मानली. ६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात जायचं नाही असं ३४,०२१ मतांच्या फरकाने सांगितलंय आम्ही. ८७ च्या फेब्रुवारीत कोकणी राजभाषा झाली आणि मे अखेर गोवा घटक राज्य. अजून काय हवं, स्टँप पेपर?

मायमराठी_७१:
त्याच राजभाषा कायद्यात मराठीचा सरकारी कामात वापर करायची तरतूद आहे ते सोयीस्कर गाळलंत. आणि कौलात १,३८,१७० लोकांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिलं होतं, ती काय माणसं नव्हती? माझे वडील त्यातले एक. पेडण्याचे आम्ही. त्यांनी हयातभर मराठी शाळेत शिकवलं आणि ८७ नंतर गावातलीच पोरं त्यांना "भायलो" म्हणायला लागली. बाहेरचा! ज्या घरात जन्मले त्या घराच्या ओट्यावर बसून ऐकायचं हे. तुम्हाला आकडे आठवतात, मला वडिलांचा चेहरा आठवतो.

गोंयचो_उंडो:
हे वाईट झालं. खरंच वाईट झालं, त्यात दुमत नाही.
पण मग माझंही ऐका. मी मडगावचा, हिंदू, मराठी शाळेत शिकलो, म्हणून तर इथे तुमच्याशी मराठीत भांडतोय. माझी आजी पोथी मराठीत वाचायची आणि पोथी मिटली की आम्हाला शिव्या कोकणीत द्यायची. जेव आणि निद हे कोकणीत. देवाशी मराठी, माणसांशी कोकणी. ८६ च्या डिसेंबरात कोकणी राजभाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा आमच्या घरासमोर रस्त्यावर झाडं आडवी होती, माणसं मेली त्या दिवसांत, आणि घरात बाबा एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला. दोघं एका ताटात जेवणारे भाऊ, सहा महिने बोलले नाहीत. तेव्हा 'बोली' हा शब्द तुम्ही टाइप करता तेवढा हलका नाही आमच्यासाठी.

रोमी_राय:
तुमचं दोघांचं देवनागरीतलं भांडण संपलं असेल तर एक विचारू? कायद्यात कोकणी म्हणजे फक्त देवनागरी लिपीतली. आम्ही रोमीत म्हणजे रोमन लिपीत लिहिणारे, तियात्र (कोकणी नाटकं) करणारे, गाणी लिहिणारे, आम्ही कोण? लोर्नाची गाणी कुठल्या लिपीत लिहून ठेवलीत ते पण शोधा जरा.

पक्या_पुणे:
मी ड्रमबद्दल बोलत होतो 😐

रंकाळा_काठ:
😂😂 बिस्किटाच्या पुड्यावरून जनमत कौल!

जुनी_कॅसेट:
हात जोडतो मंडळी, लिपीवर दुसरीकडे भांडा, मीही येतो तिकडे.
पक्या, एक काम कर. 'गोअन क्रेझी' वरचं ग्रॅहॅम बेलवालं गाणं ऐकलंस का? टेलिफोनवरचं. खरखर विसर, शब्द ऐक. आणि ऐकायच्या आधी हे वाच. ८४ साली फोनचा अर्ज करून माणसं वर्षानुवर्षं थांबायची, मिळाला तर लागायचा नाही, लागला तर भलताच लागायचा. आमच्या आळीत एकच फोन होता, डॉक्टरांकडे. आजोबा बेळगावात वारले तेव्हा सकाळपासून ट्रंक कॉल लावत होते तिकडून, लाइन मिळाली संध्याकाळी. आई पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्या आईला मामाने या गाण्याचा अर्थ सांगितला (त्याने दुसऱ्या कोणाला तरी विचारून घेतला होता) तर ती हसली. मग थोडा वेळ काही बोलली नाही, आणि म्हणाली परत लाव. तुझ्या हेडफोनमध्ये हे येणार नाही, कबूल. पण म्हणून ते गाण्यात नाही असं नाही.

फेडर_खाली:
आणि हे गाणं मोठ्या स्टुडिओत झालं असतं तर कोणीतरी शहाणा म्हणाला असता, टेलिफोनवर काय गाणं, प्रेमावर लिही.

पक्या_पुणे:
ओके, आईचं वाचून वाईट वाटलं, सॉरी, तो चकलीचा जोक मागे घेतो.
पण माझा मुद्दा मागे घेत नाही. हे गाण्याचं श्रेय आहे की त्या काळाच्या टेलिफोन खात्याचं? ज्याला संदर्भ माहीत नाही त्याच्यापर्यंत गाणं पोचत नसेल तर कुठेतरी कमी पडतंच ना. माझा आजचा आवडता गायक चाळीस वर्षांनी माझ्या पोराला पचला नाही तर मी पोराला निबंध वाचायला देणार नाही.

जुनी_कॅसेट:
देशील. थांब.

गोंयचो_उंडो:
यात मी पक्याच्या थोडा बाजूने आहे, घ्या, सुनावा आता. 'पॅक दॅट स्मॅक' घ्या. ८६ साली किनाऱ्यावर ब्राउन शुगरने पोरं कशी वाया जात होती ते आम्ही पाहिलंय, माझ्या वर्गातला एक गेला त्यात. गाणं तेव्हा धाडसाचं होतं. पण आज ऐकलं की मला मास्तर छडी घेऊन उभा दिसतो. 'गोअन क्रेझी' त हा माणूस थट्टा करतो, तिथे तो आमचा. उपदेश करायला लागला की कंटाळा.

जुनी_कॅसेट:
घरचेच फितूर झाले, बोला आता. 'पॅक दॅट स्मॅक' बद्दल अगदीच नाही म्हणणार नाही, दुसरी बाजू मीही फारशी लावायचो नाही. पण 'बॉम्बे सिटी' अल्बमबद्दल बोलाल तर गाठ माझ्याशी आहे.

मायमराठी_७१:
कुतूहल म्हणून 'ओल्ड गोअन गोल्ड' मधलं एक गाणं लावलं. वडिलांच्या गावी नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून ही चाल यायची. आम्ही पोरं कुंपणापाशी उभी राहून ऐकायचो, मग तिथली बाई दोदोल (नाताळातली मिठाई) द्यायची. गाणं बरं आहे. बोली आहे या मतावर मी ठाम आहे.

गोंयचो_उंडो:
दोदोल खाल्लेल्या माणसाशी मी आज भांडत नाही. उद्या बघू.

रोमी_राय:
माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलेलं नाही, नोंद असावी.

पक्या_पुणे:
ग्रॅहॅम बेल परत ऐकलं. दोनदा. ड्रम अजूनही बिस्किटाचा पुडाच आहे. पण हा माणूस मजा घेतोय हे कळतं, आणि बासरी मस्त आहे, आधी कशी काय सुटली कोण जाणे. दहापैकी सहा. तिसऱ्यांदा लावणार होतो पण लिफ्टमध्ये रेंज गेली.

जुनी_कॅसेट:
सहा?? बरं. मामाला सांगतो. ८३ वर्षांचा आहे, त्याला ऐकू कमी येतं, दहा ऐकल्यासारखं करेल.
फेडर_खाली, ती मूळ कॅसेट अजून आहे माझ्याकडे. बुरशी नाही, वास मात्र आहे. नीट उतरवून द्याल का?

फेडर_खाली:
पाठवा. आधी वाजवू नका, जुना डेक टेप खातो. आणि ते डीजेचं राहिलंच