जॉर्ज ग्रे: माओरींचा हितचिंतक की गोड बोलून जमीन काढणारा?

उनाडपाखरू: न्यूझीलंडचा इतिहास वाचतोय. माझं मत, तिथल्या ब्रिटिश गव्हर्नरांमध्ये ग्रे त्यातल्या त्यात बरा. तिथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे माओरींची भाषा शिकला, त्यांच्या दंतकथा गोळा करून छापल्या, दवाखाने काढले. त्याच्या आधीच्या फिट्झरॉयला तर होने हेके या माओरी सरदाराचं बंडही आवरलं नाही, कोरोरारेका या गावाच्या टेकडीवरचा ब्रिटिश झेंड्याचा खांब चार वेळा तोडला हेकेने. बुडाला लोखंडी पत्रा ठोकला तरी तोडलाच 😄

मंजिरी_म: अहो पण हेके का तोडत होता तेही लिहा ना. खांब त्यानेच दिलेला, ब्रिटिश आणि माओरी सरदारांमधल्या 1840 च्या वैतांगी करारावर सह्या करणाऱ्यांतही तो अगदी पहिला. इंग्रजी मसुद्यात सार्वभौमत्व राणीला, आणि माओरीत काय तर 'कावानाटांगा', म्हणजे गव्हर्नरचा 'कावाना' करून बनवलेला शब्द, कारभारापुरता! रांगातिराटांगा, म्हणजे सरदारकी, आपल्याकडेच राहणार असं त्यात लिहिलेलं. मग वर एकट्या ब्रिटिशांचा झेंडा बघून डोकं फिरणारच.

उनाडपाखरू: मान्य, पण तो घोळ ग्रेच्या आधीचा.

खडूस आजोबा: भाषा शिकला म्हणून हितचिंतक? अरे बाबा, सातबारा सगळ्यात चांगला ज्याला वाचता येतो तो आपल्या भल्याचाच असतो असं कुठंय. 1846 ला ग्रेने 'ते रौपराहा' नावाच्या माओरी सरदाराला रात्रीत उचलून युद्धनौकेवर नेऊन ठेवला, खटलाबिटला काही नाही. आणि 1863 चा जुलै बघ, वायकाटो भागातल्या माओरींना धमकीचं घोषणापत्र काढलं 11 तारखेचं आणि ते लोकांच्या हातात पडायच्या आधी 12 ला फौज मांगाटाव्हिरीचा ओढा, म्हणजे त्यांची हद्द, ओलांडून आत. नंतर 12 लाख एकरांच्या आसपास जमीन जप्त. खुद्द सेनापती कॅमेरॉनलाच वाटायला लागलं की ही लढाई जमिनीसाठी चाललीय, ग्रेशी भांडून राजीनामा दिला त्याने.

उनाडपाखरू: आजोबा, तिथे माओरींनी 1858 मध्ये स्वतःचा राजा बसवलेला, कुठलं सरकार गप्प बसेल? शिवाय गोऱ्या वसाहतवाल्यांचं मंत्रिमंडळ त्याच्या डोक्यावर बसलेलं.

मंजिरी_म: राजा बसवला तो जमीन विकायची नाही म्हणून, ऑकलंडवर चाल करून नव्हे. मंत्रिमंडळाचं प्रेशर होतं हे खरं, पण आधीची दोन वर्षं वायकाटोच्या दिशेने सैनिकी रस्ता कोण बांधत होतं? ग्रेच.

उनाडपाखरू: बरं, रस्त्याचं मानलं. पण तो खांब ग्रेने हट्टाने परत उभारला नाही, एवढं तरी द्याल की नाही त्याला?

खडूस आजोबा: दिलं. 1858 ला हेकेचा बंडातला साथीदार सरदार काविती, त्याच्या मुलाने 400 माणसं घेऊन उभारला तो, ग्रे तेव्हा केपटाऊनला होता.